बर्फातला ठिपका

गारठा आत येऊ नये म्हणून चित्रकलेच्या सरांनी दाराला कडी घातली आणि पाहुण्यांना भिंतीवरच्या चित्रासमोर उभं केलं.

"इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचा बर्फ जवळून बघायचा नसतो. चार पावलं मागे या, डोळे किलकिले करा. दिसल्या निळ्या सावल्या? आणि रस्त्यावरचा तो काळा ठिपका? तो माणूस आहे. तो काढला तर चित्रात जीवच उरणार नाही!"

"दार वाजतंय का हो?" शेजारच्या वहिनींनी विचारलं.

"वारा असेल. आता तसंच खिडकीबाहेर बघा."

बाहेर सकाळपासून पडलेला बर्फ होता, कुंपणाच्या निळ्या सावल्या होत्या आणि नशीब बघा, फाटकापाशी एक काळा ठिपकासुद्धा होता. सगळ्यांनी डोळे किलकिले केले.

"अगंबाई, हुबेहूब!" वहिनी म्हणाल्या. "आणि हा तर हलतोय!"

"यालाच म्हणतात जिवंतपणा," सर गहिवरले.



पाहुण्यांसाठी वाट साफ करायला गेलेल्या सरांच्या बायकोनं हात हलवायचा नाद सोडला आणि बर्फाचा चांगला घट्ट गोळा वळायला घेतला.