तुमच्याकडून काय घ्यायचं!

“आज ते वाक्य तुझ्या तोंडून निघालं ना सियामक, तर ही कढई मी इथंच उपडी करीन,” मंदाना नवऱ्याला म्हणाली.

ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या शनिवारच्या बाजारातला त्यांचा हा तिसरा आठवडा होता. आज जागेचं भाडं निघालं नाही तर गाळा जाणार होता आणि सियामक पुन्हा हॉटेलात भांडी घासायला. कढई, शेगडी आणि वरची छत्री यांत मंदानाच्या चारही बांगड्या गेल्या होत्या.

भरितात काही खोट नव्हती. विस्तवावर भाजलेली वांगी, टोमॅटो, ढीगभर लसूण, वरून फोडलेलं अंडं. इराणात, रश्तला, सियामकची आई करायची अगदी तसंच. खोट होती ती सियामकच्या जिभेत. गिऱ्हाइकानं “किती झाले?” विचारलं, की हा छातीवर हात ठेवून म्हणायचा, “राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं!” रश्तला हे भाजीवाला म्हणतो, टॅक्सीवालाही म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, छे छे, असं कसं. दुकानदार पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा मुकाट्यानं घेतो. फुकट कुणी देत नाही आणि फुकट कुणी नेतही नाही, पण दोघांचा मान राहतो.

ग्रीकांना हे कुठलं ठाऊक असायला! ते खूश होऊन सियामकच्या पाठीवर थाप मारायचे आणि ताटली घेऊन चालू पडायचे. पहिल्या शनिवारी अर्धी कढई अशीच गेली. दुसऱ्या शनिवारी तर रांगच लागली.

“गाळा मांडलायस की अन्नछत्र रे?” शेजारचा ऑलिव्हवाला स्तामातिस ओरडला. “पुढच्या वेळी सासूलाही घेऊन येतो!”

मग मंदानानं आठवडाभर तालीम घेतली. किती झाले? चार युरो. मध्ये एक शब्द नाही आणि हात छातीकडे नाही.

आज सियामक शिकवल्यासारखा बोलत होता. चार युरो. चार युरो. दर वेळी आपण कुणाच्या तरी तोंडावर दार आपटतोय असं त्याला वाटत होतं. काहींनी नाकं मुरडली, पण दुपारपर्यंत गल्ला भरत आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मंदाना हसली.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला. कोट जुना, पण कडक इस्त्रीचा. “वास तर अगदी आपल्याकडचा आहे,” तो फारसीत म्हणाला. सियामकनं ताटली भरून पुढं केली.

“किती झाले, पोरा?”

“चार युरो, आगाजान.” सकाळपासूनच्या सवयीनं निघून गेलं.

म्हाताऱ्याचा खिशात गेलेला हात तिथंच थांबला. तो हसऱ्या चेहऱ्यानं सियामककडे बघत राहिला, जणू अजून काही बोलणं व्हायचं होतं. सियामकला कळलं. वाक्य पार ओठांवर आलं. पण म्हाताऱ्याच्या मागं रांगेत गेल्या शनिवारचेच चेहरे उभे होते. छातीवर हात गेला असता, तर भाषा न कळताही त्यांना सगळं कळलं असतं.

“चार,” सियामक खाली बघत म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

म्हाताऱ्यानं पैसे ठेवले आणि तो वळला.

“ताटली राहिली, आगाजान!” मंदानाच ओरडली.

“मी जेवून आलोय, पोरी,” म्हातारा म्हणाला. “सून सांगत होती, शनिवारच्या बाजारात एक वेडा इराणी कुणाकडून पैसेच घेत नाही. म्हटलं, आपल्याकडचं माणूस दिसतंय. दोन बस बदलून आलो.” त्यानं सियामककडे एकदा नीट पाहिलं. “तो दुसरा कुणी असेल.”