रबरी की नायलॉनचे?

बसलिंगप्पांनी चाकांच्या सांध्यात बसवायचे दोन्ही प्रकारचे बुश तळहातावर घेतले, अंगठ्यानं दाबून पाहिले आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई अन् मी." मन्मथ लाल टू-सीटरच्या खालून बाहेर सरकला. "काका, सस्पेन्शनच्या जुन्या बुशचा पार भुगा झालाय. म्हणून गाडी खडखडते."

लातूर जिल्हा झाला तेव्हा सरकारी जिपा येतील या आशेवर त्यानं गॅरेज टाकलं होतं. जिपा परस्पर दुसरीकडेच जायच्या, आणि दुष्काळानं बाकीच्या गाड्या घरी बसवल्या. अशात उदगीरहून ही जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी दारात आली. हे काम हातचं गेलं तर शटर ओढायचं आणि हैद्राबादला कुणाच्या तरी हाताखाली जायचं. आई काही लातूर सोडणार नव्हती. म्हणून पाव्हण्यांच्या चौकश्या तो निमूट सोसत होता. आपल्याकडे माणूस पत्ता विचारतानाही कूळ विचारून घेतो.

"सोमवारी गॅरेज?"

"बंद. सिद्धेश्वराला जातो."

"तंबाखू?"

"न्हाई."

"स्वयंपाक येतो का?"

"आईला बरं नसलं की भाकरी थापतो. गोल येत न्हाई."

"आमच्या रुद्राणीच्याबी नकाशावानीच."

"अप्पा!" कोपऱ्यात स्टुलावर बसलेली लेक लटकं रागावली.

"बरं, बुशचं बोल. कोणता टाकायचा?"

"नायलॉनचा मी लेथवर काढलाय. लई टिकंल, वळणावर गाडी हलायची न्हाई. रबरी हादरे गिळतो, पण लवकर झिजतो."

"मग नायलॉनचेच टाक. आम्हाला टिकाऊ पाहिजे."

मन्मथच्या जिवात जीव आला. त्यानं बुश बसवले. मग म्हणाला, "एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो."

बसलिंगप्पांनी गिअर असे करकरवले, की औसा रोडवरच्या म्हशीही वळून पाहू लागल्या. रिव्हर्स तर सापडलाच नाही. मन्मथनंच उतरून गाडी मागं ढकलली. हौस नवी दिसतेय, तो मनात म्हणाला.

परतल्यावर कंबर चोळत त्यानं पाना उचलला. "काका, रागावू नका. हे नायलॉनचे काढतो."

"का रे?"

"चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा त्याला आधी दिसतो. बाजूच्याला धरायला काही न्हाई. सगळा दणका त्याच्या कमरेत. तुमच्या बाजूला कोण बसतं, मला ठावं न्हाई. पण रबरीच पाहिजेत."

"अन् मी नायलॉनचेच पाहिजेत म्हणालो तर? दुसरीकडं गेलो तर?"

मन्मथनं एकदा शटरकडं पाहिलं.

"तर त्यांच्याकडून बसवून घ्या, काका. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

बसलिंगप्पा स्टुलावरच्या लेकीकडं वळले. "काय गं?"

रुद्राणीनं बुशकडं पाहिलंसुद्धा नाही. "हाव, अप्पा," ती म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

"रबरीच टाक बाबा." बसलिंगप्पांनी रुमालानं कपाळ पुसलं. "अंधार पडायच्या आत ही मागून आणलेली गाडी डॉक्टरांना परत द्यायचीय. अन् घरी गेलास की आईला सांग, उदगीरवाल्यांना पोरगा पसंत हाय."