वरातीचे हजार

"एका वरातीचे हजार घेईन, शेठ. त्याखाली जमणार नाही," अवघडे मास्तर एका दमात बोलून गेले. शेठ शंभर रुपये वाढवून देईनात म्हणून मास्तरांनी त्यांचा हाच बँड सोडला होता. नवा बँड बंद पडला आणि पुन्हा हीच पायरी चढावी लागली. सातशेवर यायची तयारी ठेवूनच आले होते.

"दिले," शेठ म्हणाले.

घासाघीस नाही, टोमणा नाही. उशिरा का होईना, कदर झाली, असं वाटून मास्तरांना भरून आलं. त्यांनी बँडच्या कपाटातली आपली जुनी क्लॅरिनेट काढून ओठांना लावली. जिच्यामुळे सूर निघतो ती पत्तीच तिला नव्हती.

"गाणी आता कीबोर्डवर वाजतात," शेठ म्हणाले. "पण वरपक्षाला पुढे पांढऱ्या मिशांचा मास्तर लागतो. तुम्ही नुसते गाल फुगवत चला."