पहिला नंबर

“यादीत पहिला नंबर माझा आहे,” सर म्हणाले.

“माझाही,” शोरूमच्या कोचावर बसलेली सिस्टर म्हणाली आणि तिनं मोबाइल पुढे केला. बेकरीवाल्यानं आपला काढला. टॅक्सीवाल्यानंही काढला. चौघांना सकाळी एकच निरोप आला होता: अभिनंदन, प्रतीक्षा यादीत तुमचा नंबर पहिला, गाडी आली आहे, आजच न्या. खाली बारीक अक्षरांत ‘तत्काळ ताबा शुल्क’. म्हणजे छापील किमतीवर आणखी पाचवा हिस्सा.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं, पण एका यादीत चार पहिले नंबर कधी पाहिले नव्हते. आठ महिने हे शोरूमवाले ‘गाडीच येत नाही, आम्ही तरी काय करणार’ म्हणत कोपराला गूळ लावत होते. आणि टॅक्सीवाला आत्ताच मागचं आवार बघून आला होता. चार गाड्या, प्लास्टिकच्या आवरणात, ओळीनं उभ्या. चार गाड्या, चार गिऱ्हाइकं. मग टंचाई कसली? ही तर दिवसाढवळ्या लूट, आणि वर अभिनंदन!

“आज महिन्याचा शेवटचा दिवस,” टॅक्सीवाला हळूच म्हणाला. “सहाच्या आत गाड्या गेल्या नाहीत तर कंपनी यांचा पुढचा कोटा कापते. आपण दम धरला ना, तर छापील किमतीत आणून देतील. झक मारत.”

“मग धरायचाच,” सर म्हणाले. “एक पैसा जास्त द्यायचा नाही. कोणीही नाही. आपण देतो म्हणून हे मागतात. द्या शब्द.”

तिघांनी शब्द दिला. सिस्टरनं तर सरांच्या हातावर हात ठेवून दिला. मग चौघे बाहेर पडले आणि फाटकासमोरच्या कट्ट्यावर भर उन्हात ठाण मांडून बसले.

दुपार काही सरता सरेना. सिस्टर फोन आला म्हणून दहा मिनिटं उठून गेली. बेकरीवाला चहा आणायला गेला. टॅक्सीवाला टॅक्सी सावलीत लावून आला. परत आल्यावर तिघंही जरा गप्पच होते. चारच्या सुमारास सर तोंडावर पाणी मारायला आत गेले. मॅनेजर बेसिनपाशीच उभा होता.

“कशाला उन्हात बसता, सर? त्या तिघांनी पैसे भरलेसुद्धा. एकेकटे आले, मागच्या दारानं. गाड्या उद्या नेणार आहेत, तुमच्यादेखत नको म्हणाले. आता नुसते तुमचा मान राखायला बसलेत.” त्यानं आवाज उतरवला. “एकच उरलीय. ती गेली की पुढची सहा महिन्यांनी.”

सर पाणी मारायचं विसरले. फोन, चहा, सावली. हिशेब चोख जुळत होता. त्यांना घरी बसलेली बायको आठवली. या गाडीची पुढची सीट दाराकडे वळते आणि खाली येते. आठ महिन्यांपूर्वी इथंच ती त्या सीटवर बसली होती. “बघा, कुणी न उचलता बसले,” म्हणून लहान मुलीसारखी हसली होती. त्यानंतर ती चारदा घराबाहेर पडली. चारही वेळा दोन शेजाऱ्यांनी तिला उचलून जुन्या गाडीत घातलं आणि चारही वेळा ती डोळे मिटून होती. आणखी सहा महिने? कशासाठी, त्या तिघांच्या शब्दासाठी?

सरांना आता मॅनेजरचा राग येईना, त्या तिघांचा येत होता. मॅनेजर लबाड होता, पण त्यानं निदान हातावर हात ठेवला नव्हता. त्याच संतापात त्यांनी कार्ड मशीनवर आकडे दाबले. शेवटी अडला हरी, गाढवाचे पाय धरी. कागद तयारच होते. अर्ध्या तासात किल्ली हातात आली.

“मागच्या फाटकानं काढा,” मॅनेजर म्हणाला.

सरांनी गाडी मुद्दाम पुढून काढली. तिघं अजून कट्ट्यावरच बसले होते. काय ते नाटक! सरांनी ब्रेक दाबला आणि काच खाली केली. चांगले खडे बोल सुनवायचे होते.

पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच टॅक्सीवाल्यानं शिट्टी मारली. बेकरीवाला टाळ्या वाजवत उठला. सिस्टर धावत खिडकीशी आली. उन्हानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“नमवलंत ना त्यांना!” ती धापा टाकत म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, पण तो मॅनेजर आम्हा तिघांनाही एकेकटं गाठून सांगत होता, तुमच्या सरांनी सकाळीच जादा पैसे भरलेत म्हणून. आम्ही तोंडावर हसलो त्याच्या, सर!”