ही कोणाची?

शिकार मंडळाच्या खोलीत आइली टेबलाकडे पाठ करून खिडकीसमोर बसली. मागे एकेक बंदूक टेबलावर ठेवली जात होती. लाकडावर लोखंड टेकल्याचा आवाज तेवढा तिला ऐकू येत होता.

मंडळात एल्क हरणाच्या मांसाची वाटणी अशीच होई. एकाने ढिगावर हात ठेवून ‘हा कोणाचा?’ विचारायचं, दुसऱ्याने पाठ फिरवून नाव घ्यायचं. घेतलेलं नाव बदलायचं नाही. नावं घ्यायचं काम कित्येक वर्षं आइलीकडेच होतं. एका हिवाळ्यात तिच्या स्वतःच्या वाट्याला नुसती मान आणि हाडं आली होती. तीही ती काही न बोलता घेऊन गेली होती.

आधी वीज गेली, मग फोन बंद पडले, मग रस्त्यावरचं बर्फ काढणारी गाडी यायची थांबली. तळ्याच्या टोकाला रौतिओ कुटुंबाच्या घराचं दार बरेच दिवस उघडं होतं. धुराड्यातून धूर नव्हता. ते दार लावायला कोणी गेलं नव्हतं.

प्रत्येक घराने एक बंदूक आणली होती. सेन्याकडे नव्हतीच, म्हणून वेइक्कोने दोन आणल्या. त्याची दुसरी, जुनी दुनळी, थंडीत उडत नसे. चाप ओढला की नुसती टिक करायची. हे सेन्या सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ती उन्हाळ्यात लहान मुलीला घेऊन दक्षिणेकडून राहायला आली होती. रौतिओंच्या सगळ्यात जवळचं घर तिचं, त्याच्या अलीकडे आइलीचं.

वेइक्कोचं म्हणणं होतं की ज्याची त्याने ठेवावी, दुनळी सेन्याला द्यावी आणि घरी जावं. आइली ऐकेना. सगळ्या बंदुका मांसासारख्याच नावं घेऊन वाटायच्या, हा तिचा हट्ट. उरलंसुरलं नव्या बाईच्या गळ्यात मारायचं याला वाटणी म्हणत नाहीत, ती म्हणाली. तिने नवऱ्याची रायफल सर्वांत आधी टेबलावर ठेवली. नवरा घरी अंथरुणाला खिळलेला होता. हल्ली अंधार पडल्यावर कोणीतरी त्यांच्या घराच्या भिंतीवरून हात फिरवत चालत जायचं. पुढून मागे, सावकाश.

‘हिच्यापुढे बोलायची सोय नाही,’ वेइक्को कुरकुरला. ‘चर्चमधल्या पाद्रीबाबांना तरी कधी डुलकी लागते.’ पण त्यानेही आपली चांगली रायफल ठेवली.

मंडळाचा अध्यक्ष तौनो टेबलापाशी उभा राहिला.

‘ही कोणाची?’

‘हान्नेसची.’

नावं घेताना आइली तळ्याच्या टोकाच्या त्या उघड्या दाराकडे बघत होती. पांढऱ्यात एक काळा चौकोन. बर्फ निळं पडत गेलं, मग राखाडी. मागे कोणीतरी म्हणालं, हात दिसेना. वेइक्कोने रॉकेलचा कंदील पेटवून टेबलावर टांगला.

तळं गेलं. दारही गेलं. त्यांच्या जागी काचेत टेबल उमटलं.

आतला उजेड बाहेरच्यापेक्षा जास्त झाला की काच आरसा होते, हे तिला न कळण्यासारखं नव्हतं. पण मांसाची वाटणी नेहमी दिवसाउजेडी, अंगणात व्हायची. पडदा ओढा, एवढंच म्हणायचं होतं. पुढच्या नावाला तिने मान खाली घातली. त्याच्या पुढच्या नावाला वर बघितलं.

टेबलावर दोन बंदुका उरल्या. नावंही दोनच, तिचं आणि सेन्याचं.

काचेतले लोक बंदुकांकडे बघत नव्हते. सगळे तिच्या पाठीकडे बघत होते. सेन्या भट्टीजवळ उभी होती, खांद्यावर मुलगी झोपलेली. तौनोचा हात तिच्या नवऱ्याच्या रायफलीवर होता, पण तो विचारत नव्हता. त्याने मान वर केली. काचेत त्याची नजर तिच्या नजरेला मिळाली आणि तिथेच थांबली. मग त्याने नेहमीच्या आवाजात विचारलं.

‘ही कोणाची?’

भट्टीतलं लाकूड खाली बसलं.

‘आइलीची,’ आइली म्हणाली.

राहिलेल्या दुनळीवर हात ठेवून तौनोने रीत म्हणून पुन्हा विचारलं. तिने रीत म्हणून सेन्याचं नाव घेतलं.

हान्नेसने सेन्याला दुनळी मधून उघडून काडतुसं कशी घालायची ते दाखवलं. नळीचं तोंड खाली ठेवावं, काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात उबेत ठेवावीत, असंही सांगितलं. दुसरं कोणी काही सांगितलं नाही. सेन्याने दुनळी एका खांद्याला अडकवली, मुलगी दुसऱ्या खांद्यावर सरकवली आणि खिडकीपाशी आली.

‘आइली, तुमच्यामुळे मला धरलं तरी वाटणीत,’ ती हळूच म्हणाली. ‘नाहीतर यांनी काय, काहीतरी हातावर टेकवून पाठवलं असतं मला.’

‘हिची टोपी नीट कर,’ आइली म्हणाली. ‘कान उघडे आहेत.’

सेन्या तळ्याच्या वाटेने गेली. मग बाकीचे कोट चढवून, आपापली बंदूक घेऊन निघाले. आइली उठली नाही. प्रत्येक जण दाराशी क्षणभर थांबे आणि मागे वळून बघे. तिच्या पाठीकडे नाही, काचेकडे.

शेवटी वेइक्को थांबला. त्याने काचेतल्या आइलीला टोपी काढून नमस्कार केला आणि दार अगदी हलक्या हाताने ओढून घेतलं.