आजीचं नाव

बर्फावर पाय टाकण्याआधी बाल्बाराने पिशवीतून लोण्यात भाजलेलं जाडसर घावन काढलं, त्याचा तुकडा मोडला आणि काठाजवळच्या भेगेत सोडला. "आजी, आम्ही दोघी जातोय. पाठ जरा घट्ट धर," ती नदीला म्हणाली. मागे तिची सून बॅग खांद्याला लावून उभी होती. तिने घड्याळ पाहिलं.

एप्रिल संपत आला होता. नदीवरचा बर्फाचा रस्ता गाड्यांसाठी केव्हाच बंद झाला होता, पायी जाणाऱ्यांनाही आज-उद्या मनाई होणार होती. मग बर्फ फुटून होड्या सुरू होईपर्यंत या काठाचा माणूस या काठाला. मुलगा घोड्यांचा कळप घेऊन लांब कुरणांवर गेलेला, म्हणून सुनेला पलीकडच्या बसपर्यंत पोचवायला सासूच निघाली होती. माहेरी दोन आठवडे, असं सून म्हणाली होती. पण बॅगेत तिने उन्हाळ्याचे सगळे फ्रॉक भरले होते आणि बाल्बाराने ते चुलीपाशी बसून पाहिलं होतं. पाहिलं आणि गिळून टाकलं.

पोरगी गुणी होती. दक्षिण सैबेरियातली, अंगारा नदीकाठची रशियन. त्यांची नदी म्हणे बापाला चकवून प्रियकराकडे पळालेली मुलगी, आणि बापाने मागून भिरकावलेला खडक अजून पाण्यात उभा आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने ही गोष्ट सांगितली तेव्हा बाल्बारा पोट धरून हसली होती. आमची काही पळून जायच्या वयाची नाही बाई, आमची आजी आहे, आल्यागेल्याकडे खायला मागते, असं तिने सुनेला सांगितलं होतं. या पोरीचं आणि आपलं चांगलं जमणार असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटत होतं.

नदीच्या मधोमध आल्यावर सून थांबली.

"आई, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"वर्ष झालं मला तुमच्या घरात. एकदाही नावाने हाक मारली नाहीत. अगं, पोरी, नाहीतर नुसतं ए. तुमच्या कुत्र्यालासुद्धा नाव आहे."

नकाशावर या नदीचं नाव लेना. सुनेचंही लेनाच. थोरल्या बाईचं नाव घ्यायचं नाही, तिच्या कानावर पडेल असं तर नाहीच, हे काठावर वाढलेल्या साखा, म्हणजे इथल्या मूळच्या, माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. नाव ऐकलं की आजीला वाटतं, आपल्यालाच बोलावलं, आणि ती उठून येते. बाल्बाराचं घर तर पाण्याला लागून. तिथे अंगणातून सुनेला हाक मारायची म्हणजे आजीलाच हाक मारण्यासारखं. पण परक्या नदीकाठच्या पोरीला हे सांगावं लागेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आता आजीच्या पाठीवर उभं राहून आजीविषयी बोलायची सोय नव्हती.

"काठावर गेल्यावर सांगते," ती म्हणाली.

"काठावर बस उभी असेल," सून म्हणाली आणि झपाझप पुढे निघाली.

वाट दाखवायला रोवलेल्या फांद्या पुढे एका बाजूला कलल्या होत्या. त्यांच्या पलीकडे बर्फ करडा पडला होता, भिजलेल्या गोधडीसारखा. प्रवाहाने तो खालून खाल्ला होता. सून मान खाली घालून, बाहीने डोळे पुसत, नेमकी तिकडेच चालली होती.

थांब पोरी, असं बाल्बारा ओरडली. वाऱ्याने ते मागे नेलं. मग तिने जीव खाऊन 'अगं ए' म्हटलं. हे पोचलं, कारण सुनेचे खांदे ताठ झाले. पण ती वळली नाही. या हाकांना आता ओ द्यायची नाही असं तिने ठरवलं होतं.

"लेना!"

सून जागच्या जागी थांबली. वळली. तिच्या बुटाखालून पाणी वर येत होतं.

"आल्या पावली मागे ये. सावकाश."

ती आली. बाल्बाराने तिची बाही मुठीत धरली आणि सोडली नाही. तेवढ्यात बर्फाच्या पोटातून लांबलचक कडकडाट झाला, या काठापासून त्या काठापर्यंत. एप्रिलात असे आवाज रोजचेच, पण आज बाल्बाराने नाव घेतलं होतं. ती खाली बसली, हातमोजा काढला आणि बुजलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा उघडा तळवा बर्फावर ठेवला.

"रागावू नकोस, आजी," ती साखा भाषेत म्हणाली. "तुला नव्हती मारली हाक. तू नीज. ही माझी लेना."

वर्षभरात सुनेला एवढी साखा येऊ लागली होती. तिने नदीकडे पाहिलं, मग सासूकडे.

"म्हणजे वर्षभर तुम्ही..."

"वर्षभर मी तुला थोरलीच्या नावाची म्हणून जपत होते, आणि तू फ्रॉक भरत होतीस. उठायला हात दे आता."

करडा बर्फ टाळून त्या लांबच्या वळणाने गेल्या. बाही तशीच मुठीत होती. बस सुटायच्या बेतात होती, ड्रायव्हर कुरकुरत होता. पायरीवर एक पाय ठेवून सुनेने विचारलं, "आई, पहिली होडी कधी सुटते?"

"आजी उठली की." बाल्बाराने तिची टोपी कानांवर ओढली. "मी काठावर उभी राहून नावाने हाक मारीन. मग या दोघी."