छातीचे ठोके दाखवणारं घड्याळ

"हे बघा काका. पाण्यात बुडवा, उन्हात धरा, काही फरक पडत नाही. वाट चुकली तर आल्या वाटेने परत आणून सोडतं."

दुकानदाराने काचेवर तिसरं घड्याळ ठेवलं. शिंप्याने ते उलटं करून मागचा हिरवा दिवा न्याहाळला.

"वाट त्याची त्याला सापडते," शिंप्याची बायको म्हणाली. "छातीचे ठोके दाखवतं का, ते सांगा."

"सगळीच दाखवतात, काकू."

"आम्हाला? घरबसल्या, फोनवर? तो डोंगरावर असताना?"

दुकानदाराने स्वस्तातलं बाजूला सारलं. ते मधूनच कधीतरी नाडी बघायचं. महागडं शिंप्यानेच सरकवलं; त्यात गाणी होती, नकाशे होते, पण चार्जिंग दिवसभर टिकत नव्हतं. मधलं उरलं.

"ह्याच्यात सलग दिसतील. पण त्याने परवानगी द्यायला हवी हं! तरण्या पोरांना असली पाळत खपत नाही. माझा लेक तर घड्याळच नदीत भिरकावेल."

ती हसली नाही. "तो नको म्हणाला तर आमचं सगळं संपलंच हो. छातीचं मोठं ऑपरेशन झालंय त्याचं. आत्ता कुठे डॉक्टरांनी डोंगर चढायला परवानगी दिलीय."

दुकानदाराची थट्टा तिथेच थांबली. त्याने घड्याळ स्वतःच्या मनगटाला बांधलं, फोन तिच्या हातात दिला आणि धडाधड माळ्याचा जिना चढून गेला.

फोनवरचा आकडा हलला. वाढला. आणखी वाढला.

"अगं बाई!" तिने तोंडावर हात ठेवला. "माणूस माळ्यावर, आणि त्याचा जीव माझ्या मुठीत!"

"पलीकडच्या खोलीत मृदंग वाजावा, आणि थाप इथे ऐकू यावी, तसं," शिंपी पुटपुटला. त्याने नकळत हात जोडले होते.

धापा टाकत दुकानदार खाली आला. "पट्टा केवढा देऊ? मनगट किती आहे?"

शिंप्याचा हात गळ्यातल्या मापाच्या टेपकडे गेला.

"घ्या! गावाचे कपडे शिवता, आणि लेकाच्या मनगटाचं माप नाही?"

"मोठाच द्या," शिंपी म्हणाला. "भोकं भरपूर असलेला."

रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी तो भेटला. उंच, सडपातळ, पाठीवर पिशवी. त्याच्यासोबत आलेली एक बाई त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बाकावर टेकली. शिंप्याने डबी पुढे केली. सांगायचं ते सगळं पाठ केलं होतं, पण तो नुसता डबीचं झाकण पुसत राहिला. शेवटी बायकोनेच विचारलं, "चालेल का रे, आम्ही बघितलेलं?"

त्याने डबी उघडली, क्षणभर पाहिलं आणि हात पुढे केला. "तुम्हीच बांधा. आणि रोज बघा. मी काही लपवणार नाही."

सुईत सहज दोरा ओवणाऱ्या शिंप्याला तो पट्टा काही केल्या लागेना. लागला, तसा फोनवर आकडा उजळला. दोघं श्वास रोखून बघत राहिली.

तो चढू लागला. झाडीत दिसेनासा झाला. आकडा मात्र चढत राहिला. न अडखळता, न दमता. शेवटी अगदी वर, आभाळाला टेकून, एक हात हलताना दिसला.

शिंप्याच्या बायकोने डोळे पुसले, बाकावरच्या बाईजवळ जाऊन बसली आणि फोन तिच्या ओंजळीत ठेवला.

"पोचले बघा ताई दोघं! तुमचा लेक, आणि त्याच्या छातीत आमच्या लेकाचं हृदय."